होस्टेलच्या पोरींचा रविवारचा स्वयंपाक बंद करू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी जुळे सोलापुरात राहते, घरी कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकते, पंधरा वर्षं झाली ह्या कामाला. दुपारी तवे उतरले की तुमचा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचते, पण पत्र पहिल्यांदाच लिहितेय आणि तेही मोबाईलवर टाईप करून, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. शहरात चार-चार पाच-पाच दिवसाआड पाणी येतं, रस्त्यांचं तर सगळ्यांना माहितीच आहे, त्यापुढे माझा विषय कुणाला बारका वाटेल, पण गेले दोन-अडीच महिने तो डोक्यातून जात नाहीये.

आमच्या भागात मुलींचं एक होस्टेल आहे. नाव लिहीत नाही, कारण कुणाला बदनाम करायचं नाहीये. साठेक पोरी राहतात, सांगोला, करमाळा, अक्कलकोटच्या, तिकडं कर्नाटकातल्या इंडीकडच्या, काही लातूर-उदगीरच्या, दोनतीन नांदेडच्या. रविवारी दुपारी मेसला फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद, हे तर सगळीकडे ठरलेलंच असतं. तर ह्या पोरींनी दोन वर्षांपूर्वी असं सुरू केलं की महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी मेसच्याच किचनमध्ये सगळ्यांनी मिळून स्वयंपाक करायचा आणि तिथेच पंगत बसवायची. माणशी 40 रुपये वर्गणी, ज्याचं-त्याचं ताट-वाटी ज्यानं-त्यानं आणायचं. भाकरी करायला तेवढे तवेही नाहीत आणि तेवढ्या हातांना यायचंही नाही, म्हणून शंभर-सव्वाशे भाकरी माझ्याकडून जायच्या. हे आधीच सांगून टाकते म्हणजे गिऱ्हाईक गेलं म्हणून ही बाई लिहितेय असं कुणाला वाटायला नको. आम्ही चार बायका मिळून रोज त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त भाकरी करतो, देवाच्या दयेनं मागणीही आहे.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्यांच्यात अपघात झाला. खिचडीचं पातेलं गॅसवरून खाली उतरवताना एका पोरीच्या हातावर गरम खिचडी सांडली, मनगटापासून कोपरापर्यंत भाजलं, घाबरून कुणीतरी त्याच्यावर टूथपेस्ट चोपडली, मग रिक्षानं दवाखान्यात नेलं. दहा-बारा दिवसांत बरी झाली, डाग मात्र आहे अजून. आणि तिसऱ्या दिवशी बोर्डावर नोटीस लागली, सामूहिक स्वयंपाकाला सक्त मनाई, नाही ऐकलं तर प्रवेश रद्द, खाली सही आणि शिक्का.

मॅनेजमेंटचा राग मला समजतो, उद्या काही झालं तर आईबाप पहिल्यांदा रेक्टर मॅडमच्या दारात येणार, त्यांची नोकरी जाणार. पोरीला भाजलं ही काय लहान गोष्ट नाही. माझ्या स्वतःच्या दोन्ही हातांवर तव्याचे चटके आहेत, मला कळतं भाजलं की काय होतं ते. पण भाजलं कशामुळे हे कुणी विचारलं का? मी विचारलं, आणि जे कळलं ते नीट सांगते, कारण ह्या पत्राचा सगळा मुद्दा त्यातच आहे.

त्या पोरींमध्ये करमाळ्याकडची एक पोरगी आहे. पहिल्या वर्षाला आली तेव्हा कुणाशी बोलायची नाही म्हणे, मेसमधून ताट घेऊन खोलीत जायची आणि एकटीच जेवायची. पहिल्या रविवारी तिला मैत्रिणींनी ओढूनच किचनमध्ये आणलं तर कांदे घेऊन कोपऱ्यात चिरत बसली. त्या दिवशी भात लावायचा होता आणि साठ जणींना किती तांदूळ घ्यायचा ह्याच्यावरून सगळ्यांचं चाललं होतं, कुणी यूट्यूब बघतंय, कुणी आईला फोन लावतंय. ही कोपऱ्यातूनच म्हणाली, "सहा किलो पुरंल, डाळ धरून." सगळ्या तिच्याकडं बघायला लागल्या. मग कळलं की तिच्या घरच्यांची पिढ्यान्‌पिढ्या वारीत दिंडीबरोबर स्वयंपाकाची सेवा असते, ही आठ-नऊ वर्षांची असल्यापासून आषाढीला आजीबरोबर चालत पंढरपूरला जाते आणि रोज वेगळ्या गावात, वेगळ्या माळावर दीडदोनशे माणसांचं अन्न शिजताना बघते. त्या दिवसापासून ती किचनची मुख्य झाली. मी एकदा भाकरी पोचवायला गेले तेव्हा तिला बघितलंय, फाटक्या अंगाची एवढीशी पोरगी, ओढणी कंबरेला गच्च बांधलेली, हातात हे लांब उलथणं, आणि थर्ड इयरच्या इंजिनिअर पोरी तिला विचारतायत आता मीठ टाकू का गं म्हणून.

तर त्या दिवाळीनंतरच्या रविवारी ही गावाकडं होती. ती असती तर ते झालंच नसतं. परत आल्यावर माझ्याकडं आली, रडवेली झाली होती, म्हणाली, "मावशी, एवढं मोठं पातेलं कधी उतरवायचंच नसतं, गॅस बंद करायचा आणि हाय तिथंच ठेवून वाढायचं, आमच्यात कुणीच उतरवत नाही." बघा हिशोब करून, सहा किलो तांदूळ-डाळ, त्यात वीसेक लिटर पाणी आणि पातेल्याचं वजन वेगळं, तीस किलोच्या पुढं जातं ते. ते दोन पोरींनी ओढणीचा बोळा करून दोन बाजूंनी उचललं. ओढणी टेरिकॉटची, घसरली. तिथं एखादी जाणती बाई उभी असती तर ओरडली असती की अगं ठेव ते खाली.

म्हणजे स्वयंपाक केला म्हणून अपघात झाला असं नाही हो, सांगणारं माणूस नव्हतं म्हणून झाला. आणि नोटीस लावून जे सांगणारं माणूस तयार झालं होतं तेच घरी बसवलं.

आता नोटीस लागल्यावर काय झालं तेही सांगते. स्वयंपाक बंद झाला का? नाही. मागच्या महिन्यात एक अक्कलकोटची पोरगी चटणी न्यायला आली. मी विचारलं, "आता रविवारी रात्री काय करूलाल्यात गं तुम्ही?" तर म्हणते, "अक्का, रूममध्येच की. इंडक्शन हाय, किटली हाय. दार लावून घेतो." माझ्या पोटात धस्स झालं. माझा भाऊ वायरमन आहे, त्याला संध्याकाळी विचारलं तर त्यानं कपाळावर हात मारला. तो म्हणाला, खोलीतलं साधं सॉकेट असतं 6 अँपिअरचं, 230 व्होल्टला त्याच्यावर 1400 वॉटच्या आतलंच काहीतरी चालवायचं असतं. इंडक्शन 2000 वॉटचं, ते जवळजवळ 9 अँपिअर ओढतं. त्याची मोठी पिन तिथं बसत नाही म्हणून पोरी कन्व्हर्टर लावतात, आणि त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर 1500 वॉटची किटली. भिंतीच्या आतली वायर गरम होत राहते, बाहेरून काहीच दिसत नाही, आणि जुन्या बिल्डिंगमध्ये कुणी फ्यूजला जाड तार घालून ठेवली असेल तर फ्यूजही उडत नाही. वर गादी, पुस्तकं, वाळत घातलेले कपडे, आणि दाराला आतून कडी.

आधी एका मोठ्या किचनमध्ये खिडक्या उघड्या ठेवून, बाहेरच्या बाजूला सिलेंडर असताना साठ जणींच्या डोळ्यासमोर जे चाललं होतं ते आता वीस खोल्यांत दारं लावून चोरून चाललंय. रेक्टर मॅडमना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

मी स्वतः होस्टेलला राहिलेली आहे म्हणून मला हे जास्त लागतं. 1995 ला मी मंगळवेढा तालुक्यातल्या आमच्या गावातून सोलापूरला बी.ए.ला आले, इतिहास घेऊन. घरातली कॉलेजला गेलेली पहिली मुलगी. मेसमध्ये दोन्ही वेळा चपाती, तीही पापडासारखी, आणि मी जन्मल्यापासून ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली. पहिल्या महिन्यात पोट भरल्यासारखंच वाटायचं नाही. आम्ही चौघींनी वर्गणी काढून वातीचा स्टोव्ह घेतला, तो कॉटखाली लपवायचा, रॉकेल औषधाच्या बाटलीत. एका रविवारी रात्री पिठलं टाकलं आणि लसणाचा वास अख्ख्या मजल्यावर गेला. गृहपाल बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आमची बोबडीच वळली. त्यांनी स्टोव्ह फुंकर मारून विझवला, झाकणी उचलून पिठलं बघितलं आणि म्हणाल्या, "स्वयंपाक करायचाय ना? मग पुढच्या रविवारपासून खाली किचनमध्ये, माझ्या डोळ्यासमोर करायचा. हा स्टोव्ह माझ्याकडं."

आणि खरंच पुढच्या रविवारी त्या स्वतः किचनच्या दारात स्टूल टाकून बसल्या, हातात मस्टर. पाळ्या लावल्या. एका गावच्या दोघी एका पाळीत घ्यायच्या नाहीत, एका खोलीतल्या नाहीत, एका जातीच्या तर मुद्दाम नाहीत. हे त्यांनी तोंडानं कधी सांगितलं नाही, पण मस्टर बघितलं की कळायचं.

त्याचं कारणही होतं. पहिल्या आठवड्यात सगळ्या एकमेकींना आडनाव विचारायच्या, आडनावावरून नाही कळलं तर गावात घर कुठल्या बाजूला आहे ते विचारायच्या. दोघी पोरी होत्या, त्या आपलं ताट घेऊन आपोआप शेवटच्या बाकावर जाऊन बसायच्या, कुणी सांगायचं नाही तरी बसायच्या. बाईंनी दुसऱ्याच रविवारी त्यातल्या एकीला पिठल्याची फोडणी द्यायला सांगितली. तिनं काय पिठलं केलं, आजही जिभेवर आहे, हिरवी मिरची खलबत्त्यात ठेचून, लसूण जरा जास्तच, खाली खरपूस लागलेली खरवड. सगळ्यांना भूक लागलेली आणि दुसरं काहीच नव्हतं खायला. एक पोरगी रिकामं ताट घेऊन किती तरी वेळ बसून राहिली. बाई काही बोलल्या नाहीत. शेवटी तिनं ताट पुढं केलं. पुढे त्या दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी झाल्या असं मी सांगणार नाही, तसं काही झालं नाही. पण ते शेवटच्या बाकावर जाऊन बसायचं बंद झालं, आणि ज्यांनी ते बघितलंय त्यांना त्याची किंमत माहीत आहे.

मी इतिहासाची विद्यार्थिनी, त्यामुळे पुढे वाचताना मला हे सगळं आपल्याच मातीत सापडत गेलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1924 ला मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि पुढच्याच वर्षी, 1925 ला, त्या सभेनं विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडलं ते कुठं, तर आपल्या सोलापुरात. किती जणांना माहिती आहे हे? कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 पासून बोर्डिंगं सुरू केली, तिथं जातीजातीची वेगळी बोर्डिंगं काढावी लागली कारण त्या काळात लोक एका स्वयंपाकघरातलं खायलाच तयार नव्हते. आणि मग कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याला 1924 ला बोर्डिंग काढलं, त्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. 1927 ला गांधीजींनी त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग नाव दिलं. त्या पोरांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं. होस्टेल म्हणजे नुसत्या कॉटा आणि हजेरी असं ह्या माणसांना कधीच वाटलं नाही, त्यांचा सगळा जोर चुलीवर आणि पंगतीवर होता. त्याच जिल्ह्यांत आज होस्टेलच्या पोरींनी महिन्यातून एकदा एकत्र शिजवून खाल्लं तर प्रवेश रद्द, हे मला पटत नाही, कितीही विचार केला तरी.

आणि हे काय आपल्याकडंच आहे असंही नाही. ह्याच होस्टेलमधली एक पोरगी मागच्या वर्षी अमेरिकेत एमएस करायला गेली, अधूनमधून व्हिडिओ कॉल करते मला. ती सांगते की तिच्या तिथं मुलांच्या राहायच्या बिल्डिंगमध्ये कॉमन किचन आहे आणि तिथं एकत्र स्वयंपाकाचा कार्यक्रम होतो तर कॉलेजच सामानाला पैसे देतं. तिच्याकडूनच कळलं, बर्कले म्हणून तिथं मोठं विद्यापीठ आहे, तिथं 1933 ला मंदीच्या काळात पोरांकडं राहायला-खायला पैसे नव्हते म्हणून त्यांनी मिळून घरं चालवायला घेतली, प्रत्येकानं आठवड्याला ठरलेले तास स्वयंपाक, भांडी, झाडलोट करायची. ते आजपण चालू आहे. कर्मवीरांचं कमवा आणि शिका आपण त्यांच्याकडून शिकलो नाही, आपल्याकडं होतंच, पण आपण बंद करत चाललोय.

आता परत आमच्या पोरींकडं येते. 2024 ची येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, सोमवारी होती, 30 डिसेंबरला, आणि आदल्या दिवशी पोरींचा महिन्याचा रविवार. तुम्हाला माहितीय येळवसला ह्या भागात गावं ओस पडतात, सगळे शेतात, कडब्याची कोप, आत चुना लावलेले पाच दगडांचे पांडव, नव्या मडक्यात आंबील. होस्टेलच्या पोरींना कॉलेज, परीक्षा, घरी जाता येत नव्हतं. लातूर-उदगीरच्या पोरी तर रडायच्या बेतात. मग ठरलं भज्जी, म्हणजे येळवसची मिसळ भाजी, करायची आणि मला बोलावलं, कारण भज्जी साठ जणींची करायची म्हणजे कुणाचाच अंदाज चालेना. मी गेले तर मेसच्या फरशीवर एका ओळीत तीसेक पोरी पाय पसरून तुरीच्या शेंगा सोलतायत. लक्ष्मी मार्केटमधून सकाळी जाऊन तूर, वाटाणा, हरभऱ्याचे ओले दाणे, मेथी, चुका, कांद्याची पात, गाजरं सगळं आणलेलं. लातूरच्या पोरी म्हणायच्या चिंचेशिवाय भज्जी होत नाही, अक्कलकोटची म्हणायची चुका घातल्यावर चिंच कशाला, आंबट ढाण होईल. नांदेडची पोरगी म्हणाली ती कांद्याची भजी तळायचीय असं समजून आली होती. सोलापूरच्या पूर्व भागातली, तेलुगू बोलणारी त्यांची एक मैत्रीण घरून डब्यात पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, घेऊन आलेली, आणि इंडीकडची पोरगी कानडीत आईशी फोनवर बोलत बोलत एका बाजूला बाजरीचे उंडे वळतेय. मराठी, कानडी, तेलुगू, हिंदी सगळं एकाच किचनमध्ये. सोलापूर म्हणजे दुसरं काय हो.

त्या दिवशी चार पोरींनी भाकरी शिकायचा हट्ट धरला. मी म्हटलं आधी पीठ बघायला शिका. चिमूट पाण्यात भिजवून बोटांत ताणायची, चिकटपणा लागला की विरी आहे, नाहीतर विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापताना कडा फाटणारच, मग त्याला उकळतं पाणी घालून घ्यायचं. तळहाताच्या मुळानं रगडून रगडून मळायचं, बोटांनी नाही. एका पोरीची पहिली भाकरी परातीतून उचलतानाच दोन तुकडे, दुसरी तव्यावर जाताना दुमडली, तिसरी गेली. पाणी फिरवलं, उलटली, आणि फुगली. ती पोरगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे, मोबाईलवर तिनं त्या भाकरीचा फोटो काढला आणि पहिल्यांदा वडिलांना पाठवला, आईला नाही. वडील हमाल आहेत म्हणाली, मार्केट यार्डात.

आमच्या मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला 2016 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, सगळ्यांना अभिमान वाटला, मलाही वाटला. पण त्याच मालदांडीच्या पट्ट्यातून आलेल्या लेकरांना होस्टेलच्या मेसमध्ये भाकरी मिळत नाही, कारण भाकरीला हात लागतो, वेळ लागतो आणि मेसच्या ठेक्यात तो बसत नाही. महिन्यातून एक संध्याकाळ मिळत होती, तीही गेली. 2025 ची येळवस, 19 डिसेंबरची, पोरींनी खोलीत मॅगी करून काढली. मला कळलं त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

काही पालक म्हणतात, पोरींना शिकायला पाठवलंय का भाकऱ्या बडवायला. ह्या बोलण्यामागची कळकळ मला मान्य आहे, कारण माझ्याच आईनं मला हेच म्हणून चुलीपासून लांब ठेवलं होतं. पण महिन्यातले तीन तास आहेत ते, आणि कुणावर जबरदस्ती नाही, ज्या पोरीला यायचं नाही ती वर्गणी भरून नुसती जेवायला येते, चालतं. उलट मी तर म्हणेन मुलांच्या होस्टेलला हे आधी सुरू करा. माझा मुलगा पुण्याला चौघांत फ्लॅट घेऊन राहतो, चौघांनाही साधा वरण-भात येत नाही, पार्सलवर जगतात आणि दर महिन्याला ॲसिडिटीच्या गोळ्या. त्याला मी शिकवलं नाही ही माझी चूक, पण तो आधी होता त्या होस्टेलनं तरी शिकवायला पाहिजे होतं की.

माझं म्हणणं एवढंच आहे की बंद करू नका, नीट करा. नीट म्हणजे काय हे मी रोज आगीजवळ काम करणारी बाई म्हणून सांगते. त्या संध्याकाळी मेसच्या दोन मावशींपैकी एकीला थांबवा आणि तिला त्या तीन तासांचे वेगळे पैसे द्या, फुकट राबवू नका, तिलाही रविवारी घर आहे. बहुतेक ठिकाणी सगळं घोडं इथंच अडतं, पोरींनी स्वयंपाक करायला कुणाची ना नसते पण थांबायचं कुणी, आणि थांबायचे पैसे कुणी द्यायचे. हे एकदा सोडवलं तर अर्धं काम झालं. मेसचं 19 किलोचं सिलेंडर बाहेरच्या बाजूला उभंच राहू द्या, आडवं करायचं नाही, काम झालं की नुसती शेगडी नाही तर वरचा व्हॉल्व्ह बंद, गॅसची नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर तारीख छापलेली असते ती वाचा. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली फरशीला साचतो, म्हणून नुसत्या वरच्या खिडक्या उघडून भागत नाही, दार पण सताड उघडं पाहिजे आणि वास आला तर बटणाला हात लावायचा नाही, पंख्याच्या पण नाही. ओढण्या काढून ठेवायच्या नाहीतर गच्च बांधायच्या, सुती कपडे, केस बांधलेले. मोठं पातेलं उतरवायचं नाही, जागेवरून वाढायचं, त्या करमाळ्याच्या पोरीनं सांगितलं तसं. आणि भाजलंच तर टूथपेस्ट नको, हळद नको, बर्फ पण नको, नळाखाली वाहत्या साध्या पाण्यात वीस मिनिटं हात धरायचा आणि मग दवाखाना. आपल्याकडं नळाला पाणी असेलच असं नाही म्हणून एक पिंप भरून ठेवायचं, ते भांड्यांना वापरायचं नाही.

उरलेला भात सकाळी फोडणी देऊन खायचा नाही, हे पण सांगायला पाहिजे. आपल्या उन्हाळ्यात तर नाहीच, पारा 42-43 ला असतो तेव्हा दोन तास बाहेर राहिलेल्या भाताची पण खात्री नाही, परत गरम केला तरी नाही. मोजून शिजवा. चुकून उरलं तर लगेच, गरम असतानाच वॉचमन काकांना, शेजारच्या बांधकामावरच्या लोकांना देऊन टाका. कडक भाकरी उरली तर चिंता नाही, ती ओल न लागता महिनाभर राहते.

ज्या पोरीचा हात भाजला तिला मी भेटले. ती माझ्याकडं आली होती त्या करमाळ्याच्या पोरीबरोबर. मी तिचा हात बघितला, नवी कातडी गुलाबी आलीय. मी विचारलं, तुला राग येतो का गं त्यांचा, त्या रविवारचा? ती म्हणाली, "नाही हो मावशी, मला ह्याचा त्रास होतोय की सगळ्या म्हणतायत माझ्यामुळं बंद झालं." एकोणीस वर्षांची पोरगी ती. दोन महिने हे ओझं घेऊन फिरतेय, आणि नोटीस बोर्डावर अजून आहे, तिला रोज त्याच्यासमोरून जावं लागतं.

त्या होस्टेलच्या मॅनेजमेंटनं आणि सोलापुरातल्या बाकी सगळ्या होस्टेलच्या रेक्टर-गृहपालांनी हे पत्र वाचलं तर त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, ती नोटीस काढा. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मी स्वतः येते, सहा ते नऊ दारात स्टूल टाकून बसते. माझ्याकडं पन्नास-साठ माणसांचं जाड बुडाचं पातेलं आहे, दोन लांब पकडी आहेत, त्या घेऊन येते, त्या दिवसाच्या भाकरीचे पैसे घेणार नाही. फक्त तूरडाळ आदल्या रात्री भिजवून ठेवू नका, त्या करमाळ्याच्या पोरीला विचारा, ती सांगेल कधी घालायची.

आपली वाचक,
एक भाकरीवाली मावशी,
जुळे सोलापूर